आतड्याच्या कर्करोगाची पेशी औषधाला काय उत्तर देते?

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झालेल्या दोन रुग्णांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसत असल्या, रोगाची पायरी एकच असली आणि दोघांना एकच औषध एकाच मात्रेत दिले, तरी एकाची गाठ दोन महिन्यांत आकसते आणि दुसऱ्याची वाढतच राहते, हा कर्करोगतज्ज्ञांचा जुना अनुभव आहे. केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या जवळजवळ कोणत्याही पेशीवर आघात करत असल्याने या फरकाचे नेमके कारण शोधणे अवघड होते. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र पेशीतील एखादे ठरावीक प्रथिन गाठून त्याचे काम बंद पाडणारी औषधे या रोगासाठी उपलब्ध झाली. त्यांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात आणि त्यांच्यामुळे प्रश्नही नेमका झाला. ज्या प्रथिनावर औषध जाऊन बसते ते प्रथिन गाठीत सापडले, एवढ्यावरून औषध लागू पडेल असे म्हणता येते का? अनुभवाने याचे उत्तर नकारार्थी दिले, आणि तो नकार समजून घेण्याच्या प्रयत्नातूनच या विषयातील बहुतेक ज्ञान हाती आले.

२०२२ साली जगभरात या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. रोग आतड्यापुरता असतो तोवर शस्त्रक्रियेने तो मुळापासून काढता येण्याची चांगली शक्यता असते, परंतु यकृतात किंवा फुप्फुसांत पसरल्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत औषधांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा रुग्णाजवळ वेळ मोजका असतो. लागू न पडणाऱ्या औषधात गेलेले तीन महिने, त्या औषधाने दिलेला त्रास आणि त्यासाठी घरच्यांनी उभा केलेला पैसा, यांतले काहीही परत मिळत नाही. म्हणूनच औषध टोचण्यापूर्वी त्या गाठीतल्या पेशी काय करतील हे ओळखण्याच्या खटाटोपाला केवळ अभ्यासकांचे कुतूहल समजणे अन्यायाचे ठरेल.

या खटाटोपाची सुरुवात पेशीच्या आवरणात रोवलेल्या ईजीएफआर नावाच्या प्रथिनापासून होते. हे प्रथिन ग्राही म्हणून काम करते, म्हणजे त्याचे बाहेरचे टोक वाढीचा संदेश आणणारा रेणू पकडते, त्यासरशी असे दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि त्यांच्या पेशीच्या आतल्या शेपट्यांवर फॉस्फेटचे गट चढतात. फॉस्फेट चढणे ही पेशीच्या व्यवहारातील खूण आहे, ती दिसताच पुढची प्रथिने कामाला लागतात. ग्राहीकडून संदेश रास या प्रथिनाकडे, रासकडून राफकडे, राफकडून मेककडे आणि मेककडून अर्ककडे जातो, आणि अर्क पेशीकेंद्रात शिरून विभाजनासाठी लागणारी जनुके जागी करतो. याच ग्राहीपासून दुसरी एक शाखा एकेटी नावाच्या प्रथिनाकडे जाते, आणि ती पेशीला जगत राहण्यास मदत करते. सेटक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही औषधे म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंड आहेत. ती ईजीएफआरच्या बाहेरच्या टोकावर बसून संदेशाची वाट अडवतात.

अमेरिकेत सेटक्सिमॅबला २००४ साली मान्यता मिळाली ती, गाठीत ईजीएफआर असल्याचे रंगचाचणीने दिसले पाहिजे, या अटीवर. अट वरवर पाहता तर्कशुद्ध होती. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधीच्या औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांपैकी केवळ सेटक्सिमॅब घेणाऱ्या सुमारे ११ टक्के आणि ते इरिनोटेकान या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने घेणाऱ्या सुमारे २३ टक्के रुग्णांच्याच गाठी लक्षणीय आकसल्या, आणि रंग किती गडद उमटला याचा या यशापयशाशी काही संबंध दिसला नाही. पुढे तर चाचणीत ईजीएफआर मुळीच न दिसलेल्या काही गाठीही औषधाने आकसल्या. त्वचेच्या पेशींनाही ईजीएफआर लागतो, त्यामुळे या औषधाने चेहऱ्यावर आणि छातीवर मुरुमांसारखे पुरळ उठते. ज्यांना ते अधिक उठते त्यांना औषध अधिक लागू पडते, असेही आढळले. मात्र पुरळ उपचार सुरू झाल्यानंतर उठते, त्यामुळे ती खूण कितीही बोलकी असली तरी तिला भाकीत म्हणता येत नाही.

खरे कारण ग्राहीच्या खालच्या पायरीवर होते. रास हे प्रथिन एखाद्या कळीसारखे चालू आणि बंद होते. जीटीपी नावाचा रेणू त्याला चिकटलेला असतो तेव्हा ते चालू असते, आणि त्या रेणूतील एक फॉस्फेट तुटून जीडीपी उरला की ते बंद होते. हे फॉस्फेट तोडण्याचे काम रास एकट्याने फार सावकाश करते, म्हणून एक मदतनीस प्रथिन आपली एक बाजू रासच्या खोबणीत घालून ते काम उरकते. रासच्या के-रास या प्रकाराच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, आणि तेथे लहान घटक असल्यामुळेच खोबणीत मदतनिसाला जागा मिळते. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने ग्लायसीनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल किंवा व्हॅलीन आले की ती जागा भरून जाते, मदतनीस नीट बसत नाही आणि रास चालूच राहते. मग वर ग्राहीवर प्रतिपिंड बसो वा न बसो, खालची संदेशसाखळी आपले काम करत राहते. जवळजवळ दोनशे अमिनो आम्लांच्या या घडणीत एका बारीक जागेवरचा बदल एका महागड्या औषधाचे भवितव्य ठरवतो, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी थक्क करणारी आहे.

आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे ४० टक्के गाठींत के-रासमध्ये असा बदल असतो. फ्रान्समधील संशोधकांनी २००६ साली थोड्या रुग्णांवरून त्याचा औषधाशी संबंध दाखवला आणि २००८ मध्ये कॅनडा व ऑस्ट्रेलियातील चाचणीत साठवून ठेवलेल्या गाठी पुन्हा तपासल्यावर शंकेला जागा उरली नाही. के-रास मूळ रूपात असलेल्या रुग्णांचा मध्यम आयुष्यकाळ सेटक्सिमॅबने ४.८ महिन्यांवरून ९.५ महिन्यांवर गेला, तर के-रास बदललेल्यांना औषधाचा काडीचाही फायदा झाला नाही. २०१३ साली के-रासच्या इतर जागांवरील आणि एन-रास या भावंड प्रथिनातील बदलही विचारात घेतले गेले, तेव्हा आधी निर्दोष ठरवलेल्या गाठींपैकी आणखी १७ टक्के या गटात आल्या. इतकेच नव्हे, रास बदललेल्या रुग्णांना केमोथेरपीसोबत पॅनिट्युमुमॅब दिले असता त्यांची अवस्था केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली होती. या भाकिताची खरी ताकद नकारात आहे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. रासमध्ये बदल सापडला तर औषध चालणार नाही हे जवळजवळ खात्रीने सांगता येते, पण बदल न सापडल्यास ते चालेलच असे सांगता येत नाही. उदाहरणार्थ, गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात असेल तर रास निर्दोष असूनही या प्रतिपिंडांचा लाभ फारसा होत नाही, आणि एचईआर-२ या दुसऱ्या ग्राहीच्या प्रती पेशीत बेसुमार वाढलेल्या असतील तर संदेश त्या वाटेने जातो.

राफच्या बी-राफ या प्रकाराची हकीकत याहून अधिक शिकवणारी आहे. या प्रथिनाच्या ६०० व्या जागेवरील एक बदल त्याला कायमचे चालू ठेवतो. तो त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात सुमारे निम्म्या आणि आतड्याच्या कर्करोगात आठ ते दहा टक्के रुग्णांत आढळतो. हा बदल नेमका गाठणाऱ्या व्हेम्युराफेनिब या औषधाने मेलानोमाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसल्या, तेव्हा आतड्याच्या रुग्णांतही तेच घडेल अशी आशा वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात २१ रुग्णांपैकी केवळ एकाची गाठ आकसली. जनुकातला बदल तोच, प्रथिन तेच, औषध तेच आणि परिणाम मात्र इतका वेगळा. याचा अर्थ असा, की केवळ जनुकांची यादी वाचून भाकीत करणारी पद्धत कोठेतरी अपुरी पडत होती.

ॲमस्टरडॅम येथील नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतील पाचशेहून अधिक किनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारी प्रथिने, आळीपाळीने दाबून टाकली आणि कोणते प्रथिन दाबले असता बी-राफचे औषध चालू लागते ते पाहिले. उत्तर आले ईजीएफआर. निरोगी पेशीप्रमाणे कर्करोगाच्या पेशीतही साखळीच्या तळाचा अर्क जोरात चालू लागला की तो काही मध्यस्थांकरवी वरच्या ग्राहीला आवर घालतो. छतावरची टाकी भरली की तरंगता बॉलकॉक नळ बंद करतो आणि टाकी रिकामी होऊ लागली की तोच नळ उघडतो, तशी ही योजना आहे. औषधाने बी-राफ बंद केले, अर्क ओसरला, त्याबरोबर ग्राहीवरचा आवर सुटला आणि ईजीएफआर नव्या जोमाने संदेश पाठवू लागला. मेलानोमाच्या पेशींत मुळात ईजीएफआर फार थोडा असतो, त्यामुळे तेथे हा नळच नसल्यासारखा असतो. बर्नार्ड्स यांचे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या गटानेही हाच निष्कर्ष काढला. दोन्ही औषधे एकत्र दिली पाहिजेत हे त्यातून उघड झाले आणि २०१९ च्या बीकन चाचणीने ते रुग्णांमध्ये सिद्ध केले. एन्कोराफेनिब आणि सेटक्सिमॅब या जोडीने २० टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, तर तोवरच्या प्रचलित उपचाराने हे प्रमाण केवळ २ टक्के होते. मध्यम आयुष्यकाळ ५.४ महिन्यांवरून ८.४ महिन्यांवर गेला. तीन महिन्यांची ही वाढ कागदावर तुटपुंजी दिसते, परंतु ज्यांना देण्यासारखे फारसे काहीच नव्हते अशा रुग्णांसाठी पेशीचा स्वभाव ओळखून केलेल्या युक्तिवादाने ती मिळवली होती.

हाच धडा काही वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला. के-रासमधील जी-१२-सी या विशिष्ट बदलावर बसणारे सोटोरासिब हे औषध फुप्फुसाच्या कर्करोगात एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना लागू पडले, मात्र आतड्याच्या कर्करोगात ते एकट्याने दिले असता हे प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या घरात राहिले. ईजीएफआर अडवणाऱ्या पॅनिट्युमुमॅबची जोड देताच ते चौथ्या हिश्श्याच्या वर गेले. आतड्याच्या पेशीची ही खोड आता इतकी परिचित झाली आहे की साखळीतील एखाद्या प्रथिनावरचे नवे औषध या रोगात आणताना बहुधा आधी वरच्या ग्राहीचा बंदोबस्त केला जातो.

पेशीचा प्रतिसाद हा तिच्यातील एका बिघाडावर अवलंबून नसून औषधाने डिवचल्यावर तिचे सारे संदेशजाळे स्वतःची फेरजुळणी कशी करते त्यावर अवलंबून असतो, हे एकदा मान्य केले की भाकिताची पद्धतही बदलावी लागते. त्यासाठी संशोधक प्रथम सेल लाइन, म्हणजे रुग्णाच्या गाठीतून काढून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींकडे वळले. एचटी-२९ ही त्यांतली एक प्रसिद्ध सेल लाइन १९६४ साली एका ४४ वर्षांच्या स्त्रीच्या आतड्यातील गाठीतून तयार झाली, तिच्यात बी-राफचा बदल आहे आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरली जाते. २०१२ साली ब्रिटन आणि अमेरिकेतील दोन मोठ्या प्रकल्पांनी विविध अवयवांच्या शेकडो सेल लाइन्सची जनुकीय माहिती आणि त्यांचा अनेक औषधांना मिळालेला प्रतिसाद एकत्र मांडून सर्वांसाठी खुला केला. संगणकाला ही सारणी देऊन जनुकांवरून प्रतिसाद ओळखायला शिकवता येते, आणि काही औषधांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी जमतेही. परंतु पुढच्याच वर्षी या दोन प्रकल्पांतील सामाईक सेल लाइन्स आणि औषधे ताडून पाहिली गेली, तेव्हा जनुकांची मापे जुळली आणि औषधांच्या प्रतिसादाची मापे पुरेशी जुळली नाहीत. त्यावर मापनाच्या व तुलनेच्या पद्धतींविषयी बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण ज्या उत्तरावरून संगणक शिकतो ते उत्तरच डळमळीत असेल तर त्याच्या भाकिताला कितीही गणित लावले तरी अर्थ राहत नाही.

दुसरी वाट पेशीला प्रत्यक्ष डिवचून पाहण्याची आहे. फेडेरिका एदुआती, हुलिओ साएझ-रॉड्रिगेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या वाटेचे चांगले उदाहरण आहे. त्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या १४ सेल लाइन्स घेतल्या आणि वाढीचे संदेश देणारे पाच उत्तेजक व संदेश अडवणारे सात अवरोधक यांच्या निरनिराळ्या जोड्या करून प्रत्येक सेल लाइनला ४३ प्रकारच्या परिस्थितींत ठेवले. प्रत्येक वेळी पेशीतील १४ प्रथिनांवर किती फॉस्फेट चढले आहे ते मोजले. अशा प्रयोगात लहान खळग्यांच्या तबकडीत पेशी वाढवतात, त्यांवर अवरोधक आणि मग उत्तेजक घालतात, ठरलेल्या वेळी पेशी फोडून आतला द्रव काढतात आणि फॉस्फेट चढलेल्या प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी त्याचे मोजमाप करतात. या आकड्यांवरून त्यांनी प्रत्येक सेल लाइनसाठी स्वतंत्र गणिती प्रतिरूप बांधले. प्रतिरूपाचा सांगाडा सर्वांसाठी सारखाच होता, कारण कोणते प्रथिन कोणाला संदेश देते हे बहुतांशी ठाऊक होते. वेगळी होती ती प्रत्येक जोडणीची ताकद आणि प्रत्येक प्रथिनाचा वेग, आणि याच राशी संगणकाने मोजमापांशी जुळवून ठरवल्या.

मग या राशींची सांगड २७ औषधांच्या परिणामाशी घातली गेली. १४ औषधांच्या बाबतीत संदेशजाळ्याच्या काही राशी आणि औषधाचा परिणाम यांचा जवळचा संबंध दिसला, आणि त्यांतली ९ औषधे अशी होती की ज्यांच्यासाठी जनुकांत कोणतीही खूण सापडलेली नव्हती. यांपैकी एका धाग्याचा माग घेता असे सुचले, की मेक अडवणाऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशींत जीएसके-३ हे प्रथिनही सोबत अडवले तर त्यांचा प्रतिकार मोडावा. प्रयोगाने ते खरे ठरले. केवळ जनुकांची यादी समोर ठेवून ही जोडी सुचली नव्हती. बर्लिनमधील निल्स ब्ल्यूटगेन यांच्या गटानेही अशाच पद्धतीने, मेक अडवल्यावर ईजीएफआरवरचा आवर सुटून एकेटीची शाखा बळावते, हे २०१३ मध्येच आकड्यांनिशी मांडले होते. चौदा सेल लाइन्स म्हणजे आलेखावरचे चौदाच ठिपके, आणि एवढ्या ठिपक्यांतून काढलेला संबंध योगायोगाचाही असू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. पण या पद्धतीचे मोल तिच्या संबंधांच्या संख्येत नसून, औषध का चालत नाही याचे तपासता येण्याजोगे कारण ती पुढे ठेवते यात आहे.

सेल लाइनची मोठी उणीव ही, की दशकानुदशके प्लास्टिकवर वाढलेली पेशी आणि आज रुग्णाच्या यकृतात असलेली पेशी यांत पुष्कळ अंतर पडलेले असते. हे अंतर कमी करण्यासाठी ऑर्गनॉइड उपयोगी पडतात. उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ साली उंदराच्या आतड्यातील एका मूळपेशीपासून, जेलीसारख्या द्रव्यात, आतड्याच्या अस्तरासारखी रचना असलेला सूक्ष्म गोळा वाढवून दाखवला. पुढे मानवी गाठींपासूनही असे गोळे वाढवता येऊ लागले आणि २०१८ मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ऑर्गनॉइडवर जे औषध चालले नाही ते रुग्णातही चालले नाही, तर जे चालले ते रुग्णात ८८ टक्के वेळा चालले. येथेही नकाराचे भाकीत होकाराहून भक्कम निघाले. या यशाने हुरळून जाऊ नये असे सांगणारा अनुभवही लवकरच आला. नेदरलँड्समधील एका चाचणीत ऑर्गनॉइडवर परिणामकारक दिसलेली प्रायोगिक औषधे सहा रुग्णांना देण्यात आली, पण एकाचीही गाठ अपेक्षेप्रमाणे आकसली नाही. जेलीतल्या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारक पेशी नसतात, औषधाचे रूपांतर करणारे यकृत नसते, आणि शरीरात औषधाची जी मात्रा सोसवते तीच तेथेही राखणे सोपे नसते.

शिवाय पेशी एका उत्तराला बांधील राहत नाही. सेटक्सिमॅबने आकसलेली गाठ पुन्हा वाढू लागते तेव्हा तिच्यात बहुधा के-रास बदललेल्या पेशी आढळतात. त्यांतल्या काही सुरुवातीपासून मूठभर असतात आणि औषधाने इतरांना मारल्यावर त्यांना रान मोकळे मिळते. गाठीच्या मृत पेशींतून रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे तपासून हा बदल स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसण्याच्या कित्येक महिने आधी पकडता येतो, हे २०१२ साली दिसून आले. औषध थांबवले की या पेशींचे प्रमाण हळूहळू घटते, असेही पुढे लक्षात आले, आणि इटलीतील क्रोनोस चाचणीने त्याचा थेट उपयोग केला. रक्तात प्रतिकाराच्या खुणा नसलेल्या २७ रुग्णांना पॅनिट्युमुमॅब पुन्हा दिले गेले आणि ८ जणांच्या गाठी पुन्हा आकसल्या. त्याआधी तपासलेल्या ५२ जणांपैकी सुमारे तिसरा हिस्सा रक्ताच्या अहवालावरूनच वगळला होता, म्हणजे तितक्या जणांचा निष्फळ उपचार टळला.

भारतात या कर्करोगाचे लोकसंख्येतील प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आलेल्या रुग्णांच्या एका पाहणीत त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत निघाले. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या सेल लाइन्स मात्र बहुतांश युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या आहेत. येथल्या गाठींवर आधारलेली मोजमापे जोवर पुरेशा संख्येने उपलब्ध होत नाहीत, तोवर या प्रतिरूपांची भाकिते येथे किती चालतील हा प्रश्न खुला राहील आणि तो सोडवण्यासाठी येथेच काम व्हावे लागेल. रुग्णाच्या हाती आज जे आहे तेही थोडे नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो आणि त्यावरून रास, बी-राफ व एचईआर-२ यांच्या तपासण्या करता येतात. रोग पसरलेला असेल आणि ईजीएफआरवरील प्रतिपिंड सुचवला गेला असेल, तर पहिली सुई टोचण्यापूर्वी रासचा अहवाल हाती आहे का आणि गाठ आतड्याच्या उजव्या भागात आहे की डाव्या, हे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. हेच औषध काही काळ घेऊन थांबवल्यानंतर ते पुन्हा द्यायचे ठरले, तर मात्र जुन्या ठोकळ्यावर विसंबता येत नाही, कारण त्यातल्या पेशींनी ते औषध पाहिलेलेच नसते; त्या वेळी रक्ताची नवी तपासणी लागते.